बापाची भूल, लेकाची गुंगी

तिला सगळे उंदीरबाई म्हणत. इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव आधी जिन्यात फिरलं, मग लिफ्टमध्ये चढलं आणि शेवटी तिच्या घरातच राहायला आलं. तिची हरकत नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत ती पांढऱ्या उंदरांवर काम करायची, आणि माणसं एकमेकांना पाठीमागे ज्या नावांनी ओळखतात त्या मानानं उंदीर पुष्कळच बरा, असं तिचं मत होतं. हरकत होती ती सासूबाईंची.

"सून डॉक्टर आहे म्हटलं की पाहुणे लगेच जीभ बाहेर काढून दाखवतात," त्या म्हणायच्या. "मग सांगावं लागतं, ही तसली डॉक्टर नाही. आणि इतकी वर्षं डोंगर पोखरून काढलं काय, तर उंदीर!"

खरं तर तिनं काढलं होतं ते बरंच मोठं होतं. डोळेही न उघडलेल्या, अंगठ्याएवढ्या गुलाबी पिल्लांना ती कोमट पत्र्यावर, पारदर्शक पेटीत ठेवून भुलीचा वायू द्यायची, ऑपरेशनच्या टेबलावर माणसांना देतात तोच. पिल्लं मोठी झाली की परीक्षा. परीक्षा म्हणजे दुधाळ पाण्यानं भरलेला गोल हौद, आणि पाण्याखाली कुठंतरी दडवलेला एक चौथरा. उंदरानं पोहत पोहत तो शोधायचा आणि दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवायचा. बालपणी भूल घेतलेले नर या परीक्षेत मागे पडतात, हे इतरांनीही पाहिलं होतं. उंदीरबाई एक पाऊल पुढं गेली. तिनं त्या नरांचे संसार थाटून दिले, आणि त्यांना झालेल्या पिल्लांना, ज्यांनी जन्मात तो वायू हुंगला नव्हता, हौदात सोडलं. लेकी पाण्यात पडल्या आणि थोड्या वेळात चौथऱ्यावर जाऊन मिशा पुसत बसल्या. लेक मात्र काठाकाठानं गोल गोल फिरत राहिले, जणू कुणी जेवायला बोलावलंय आणि पत्ता सांगायला विसरलंय.

म्हणजे बापाला दिलेली भूल लेकाला चढली होती. लेकीला नाही. जनुकांची अक्षरं जशीच्या तशी होती. कुठली ओळ मोठ्यानं वाचायची आणि कुठली गाळायची, याच्या बारीक खुणा तेवढ्या बदलल्या होत्या, आणि त्या खुणा बापाकडून लेकाकडं गेल्या होत्या.

हे सगळं विभागप्रमुखांच्या इच्छेविरुद्ध घडलं होतं. विभागप्रमुखांना सगळे नुसते 'सर' म्हणत, कारण ते दुसऱ्या कशाला ओ देत नसत. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं होतं, "माद्या घेऊच नका. त्यांचं चक्र, त्यांचे हार्मोन, आज एक तर उद्या दुसरंच. आकडे बिघडतात. नर कसा, सरळ असतो." उंदीरबाईनं मान डोलावली आणि माद्यांचे पिंजरे खिडकीजवळच्या कोपऱ्यात, सरांची नजर जात नव्हती अशा जागी ठेवले. सरांची नजर प्रयोगशाळेत एकूणच फारशी जात नसे. पण निष्कर्ष हाती आले तशी ती गेली. माद्यांशिवाय या शोधाला काही अर्थच उरत नव्हता, हे सरांच्या ध्यानात आलं, आणि आयत्या बिळावर नागोबा जसा ऐटीत बसतो तसे ते पत्रकारासमोर बसले.

"माझा पहिल्यापासून आग्रह होता," ते म्हणाले, "की माद्या हव्यातच."

शेजारच्या खुर्चीत बसलेली उंदीरबाई खोकली. सरांनी तिला पाणी मागवून दिलं.

पत्रकार तरुण होती, हुशार होती, आणि तिला घाई होती. "हे उंदरांत दिसलंय, माणसांत नाही," हे उंदीरबाईनं तिला इतक्यांदा सांगितलं की शेवटी ती बिचारी म्हणाली, "हो हो, उंदीर. लिहिलंय." आणि तिनं लिहिलंही होतं, पण शेवटच्या परिच्छेदात. छापताना जागा कमी पडली आणि वर्तमानपत्रानं जे कापलं ते नेमके उंदीर. उरलं ते असं: 'बापाला भूल, मुलगा मंद! मुली मात्र सुखरूप.' खाली सरांचा हसरा फोटो. उंदीरबाईच्या वाट्याला फोटोत कोपर आलं होतं.

तरीही तिनं कात्रण काढून आपल्या आईला पाठवलं, हे सांगितलं पाहिजे. नाव छापून आलं की माणूस मजकूर सोडून देतो.

पुढच्या आठवड्यात चमत्कार घडला. विभागातले सगळे पुरुष अचानक बालपणी ऑपरेशन झालेले, नाहीतर तसल्या बापाचे लेक निघाले. सूक्ष्मदर्शकाचं झाकण घालायला विसरणारा सहकारी म्हणाला, "माझ्या वडिलांचे टॉन्सिल काढले होते." तेव्हा वडील बारा वर्षांचे होते, हे त्यानं सांगितलं नाही. कार्यालयातला कारकून रजेच्या अर्जात कारण म्हणून 'वडिलांची भूल' लिहायला लागला. आणि घरी, सोफ्यावर, उंदीरबाईचा नवरा होता.

नवऱ्याला जन्मल्या जन्मल्या आतड्याच्या कसल्याशा ऑपरेशनसाठी खरोखरच भूल दिलेली होती. आजवर या गोष्टीचा त्याला काही उपयोग झाला नव्हता. आता मात्र पडत्या फळाची आज्ञा मानून त्यानं तिचा पुरेपूर वापर सुरू केला. गॅस बंद करायला विसरला, भूल. तिच्या वडिलांचा वाढदिवस विसरला, भूल. ओला टॉवेल पलंगावर टाकला, तीही भूल.

"टॉवेल कुठं टाकायचा ते हौदात शिकवत नाहीत," उंदीरबाई म्हणाली.

"बघ, तू विज्ञान घरी आणत नाहीस, हाच तुझा दोष."

त्यांची मुलगी कॉलेजात जाणारी होती आणि तिची जीभ आईवर गेली होती. ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, तुझी भूल अजून उतरलीच नाहीये. लोक त्याला स्वभाव म्हणतात."

इथवर सगळी गंमत होती. मग छकुलीच्या बाळाचं प्रकरण आलं.

छकुली म्हणजे उंदीरबाईची धाकटी नणंद. तिशी उलटलेली, स्वतःची कमाई असलेली, एका बाळाची आई; पण माहेरी नाव छकुलीच, आणि त्यामुळे तिचं मतही छकुलंच धरलं जायचं. बाळ काही महिन्यांचं होतं. रडलं की त्याच्या जांघेत एक मऊ फुगा वर यायचा. बालशल्यतज्ज्ञांनी बघितलं आणि सांगितलं, हर्निया आहे, छोटंसं ऑपरेशन, लवकर करून टाकू. आतडं अडकलं तर महागात पडेल. तारीख ठरली. आणि ऑपरेशनच्याच सकाळी छकुलीच्या नवऱ्यानं ते कात्रण वाचलं.

हे जावईबापू पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. नळाच्या पाण्याचा एक पेला समोर ठेवून समोरच्याच्या घशाला कोरड पाडायची, हा त्यांचा धंदा होता, त्यामुळे भीती कशी विकतात ते त्यांना माहीत होतं. पण जो विकतो त्यालाही कधीतरी विकत घ्यावीशी वाटतेच. त्यांनी ऑपरेशन रद्द केलं आणि बायको-मुलाला घेऊन तडक सासर गाठलं.

उंदीरबाई संध्याकाळी घरी पोचली तेव्हा दिवाणखान्यात पंचायत भरली होती. सासरे आरामखुर्चीत, जावईबापू कात्रण हातात धरून उभे, नवरा सोफ्यावर पुराव्यादाखल पडलेला. सासूबाई दाराशी. छकुली आत बाळाला घेऊन बसली होती. तिला कुणी बाहेर बोलावलं नव्हतं.

"या," सासरे म्हणाले. "तुमचीच वाट बघत होतो. हे जे छापून आलंय, ते खरं की खोटं?"

"अप्पा, ते उंदरांचं आहे."

"खरं की खोटं?"

"उंदरांत खरं आहे. पण आम्ही त्या पिल्लांना तासन्‌तास भूल देतो, तीही पुन्हा पुन्हा. बाळाला द्यायचीय ती एकदा आणि थोडाच वेळ. मुलांवरही अभ्यास झालेत, आणि तेवढ्याशा भुलीनं त्यांच्या बुद्धीला धक्का बसलेला दिसलेला नाही."

"दिसलेला नाही," जावईबापूंनी बोट वर केलं. "म्हणजे नसेलच असं नाही. आणि त्याच्या मुलांवर? त्यांच्यावर अभ्यास झालाय?"

"त्याला अजून दात आलेले नाहीत. त्याच्या मुलांवर अभ्यास कसा होणार?"

"मग? धोका कुणी घ्यायचा?" सासऱ्यांनी चष्मा काढला. "प्रश्न एकट्या नातवाचा नाही. पुढच्या पिढीच्या बुद्धीचा आहे."

उंदीरबाईनं एकदा सोफ्याकडं पाहिलं. या घराण्याची बुद्धी तिथं तोंड उघडं टाकून पंख्याकडं बघत होती, आणि तिच्यासाठी एवढी काळजी करावी असं तिला काही दिसेना. पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

"आतडं अडकलं तर पुढची पिढी राहू दे बाजूला, हीच पिढी धोक्यात येते," ती म्हणाली. "अप्पा, उद्याच करून घ्या."

"मुलगी असती तर मीच आजच्या आज नेली असती," जावईबापू उदारपणे म्हणाले. "मुलींना काही होत नाही, तुम्हीच सिद्ध केलंय."

"मी नाही, सरांनी केलंय. पेपरात वाचलं नाहीत का?"

टोमणा कुणाला लागला नाही. सासूबाई मात्र दारातून म्हणाल्या, "आता मागं फिरतेयस? इतके दिवस उंदीर उंदीर करून डोकं खाल्लंस, आणि कधी नव्हे ते कुणी ऐकायला लागलं, तर म्हणतेस ऐकू नका!"

सासूबाईंचं बरोबर होतं.

ठरलं असं की बाळ थोडं मोठं होऊ दे, मग पाहू. तोवर एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलेला पट्टा बांधायचा. उंदीरबाई आत गेली तेव्हा छकुली बाळाला थोपटत होती.

"वहिनी, तुझं बाळ असतं तर?"

"उद्या सकाळी पहिल्या नंबरला नेलं असतं. आणि हे ऐक. फुगा कडक झाला, आत जाईना, बाळ ओकायला लागलं, तर कुणाला विचारत बसू नकोस. उचल आणि नीघ. मला फोन कर."

छकुलीनं मान हलवली. पट्टा तिनं दुसऱ्या दिवशीच सोडून ठेवला. बाळाला तो काचत होता.

फोन आला तो काही दिवसांनी, भर दुपारी. उंदीरबाई एका उंदराला हौदातून काढून टॉवेलात पुसत होती. पलीकडून आधी बाळाचा आवाज आला, रडून रडून चिरका झालेला, आणि मग छकुलीचा, चकित करण्याइतका शांत. "वहिनी, दगडासारखं लागतंय. दोनदा हिरवं ओकला. मी रिक्षात आहे."

उंदीरबाईनं उंदीर टॉवेलासकट सहकाऱ्याच्या हातात दिला आणि आवारातून पळत सुटली. रुग्णालय समोरच्याच इमारतीत होतं. तळघरात राहून राहून भर उन्हात पळायची सवय गेली होती; पायऱ्यांवर तिच्या एका चपलेचा अंगठा तुटला, तशीच ती पाय ओढत आत शिरली.

शल्यतज्ज्ञांनी गाठ हलक्या हातानं आत ढकलून पाहिली. जाईना. "लगेच घ्यायला हवं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. मग भूलतज्ज्ञ बाई आल्या. ठेंगण्या, केसांवर हिरवी टोपी, बोलणं कात्रीसारखं. त्यांनी बाळाची छाती ऐकली, शेवटचं दूध कधी पाजलं ते विचारलं आणि संमतीपत्र छकुलीपुढं धरलं. छकुली सही करणार एवढ्यात जावईबापू येऊन धडकले. हातात कात्रण होतंच. ते आता प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं होतं.

"एक मिनिट, एक मिनिट. भूल न देता नाही का करता येणार?"

भूलतज्ज्ञ बाईंनी त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "येईल की. आधी तुमच्यावर करून बघू. या, झोपा."

"पण या शास्त्रज्ञांनी लिहिलंय..."

"कुठल्या शास्त्रज्ञांनी?"

जावईबापूंनी बोट दाखवलं. भूलतज्ज्ञ बाई वळल्या. एका पायात चप्पल, दुसरी हातात, अंगरख्याला उंदराचे केस, अशी उंदीरबाई त्यांच्यापुढं उभी होती.

"अच्छा, तुम्ही होय त्या! तुमच्यामुळं या आठवड्यात लोकांनी मला काय काय ऐकवलंय, माहितीये? एक बाप म्हणाला, मुलाचा पाय तसाच राहू दे, वाकडा चालेल, डोकं सरळ हवं. छापण्याआधी एकदा वर येऊन आम्हाला विचारलं असतं तर? आवार ओलांडून दोन जिने चढायचे होते फक्त."

"मी त्यांना उंदीर म्हणून सांगितलं होतं," उंदीरबाई पुटपुटली.

"तुम्ही सांगितलं असेल. लोकांनी काय वाचलं?"

जावईबापूंचं तोंड पुन्हा उघडलं. तेवढ्यात छकुलीनं सही करून टाकली होती. कागद परत देताना ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "ते पाकीट खाली ठेव आणि गप्प बस." घरात कुणीही छकुलीला असं बोलताना ऐकलं नव्हतं. जावईबापू खरोखरच बसले. तिथं खुर्ची नव्हती. ते कचऱ्याच्या डब्यावर बसले.

थोडक्यात व्हायचं ऑपरेशन आता लांबलं. अडकलेलं आतडं काळवंडलं होतं. ते सोडवून, गरम कपड्यात धरून, पुन्हा गुलाबी होईस्तोवर वाट बघावी लागली. म्हणजे थोडीशी भूल टाळायला निघालेल्या मंडळींनी पोराला तिच्या कितीतरी पट भूल घ्यायला लावली. बाहेरच्या बाकावर उंदीरबाई बसून होती. आपल्या पेटीतली पिल्लं तिला आठवली. त्यांची संमती कुणी कुणाकडं मागितली नव्हती. बापांनाही नाही, आयांनाही नाही. आजवर हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं असं नाही, पण दाराच्या या बाजूला बसून आलं नव्हतं.

छकुलीनं तिचा हात धरला होता, आणि तो इतका घट्ट की बोटांना मुंग्या आल्या.

"वहिनी, होईल का गं त्याला काही? पुढं?"

"मला वाटत नाही. पण मी तुला शपथेवर सांगू शकत नाही."

"बरं झालं, सांगितलं नाहीस ते," छकुली म्हणाली. "आज सगळेच शपथेवर बोलतायत."

आतडं वाचलं. बाळ संध्याकाळी जागं झालं आणि सगळ्या वॉर्डाला कळेल अशा आवाजात भूक लागल्याचं जाहीर केलं. सासरे येऊन नातवाकडं टकमक बघत उभे राहिले. त्यानं त्यांचा चष्मा ओढला तेव्हा "बुद्धी शाबूत आहे" असा त्यांनी निर्वाळा दिला. जावईबापू तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले होते, "मी म्हटलं, वेळ घालवू नका, लगेच ऑपरेशन करून टाका." छकुलीनं त्यांना खोडून काढलं नाही. घरी गेल्यावर काय झालं ते कुणाला माहीत नाही, पण त्यानंतर बाळाच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत तिनं कुणाचा सल्ला घेतल्याचं ऐकिवात आलं नाही, आणि माहेरी सगळे तिला हळूहळू तिच्या खऱ्या नावानं हाक मारायला लागले.

दुसऱ्या दिवशी उंदीरबाई सरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, वर्तमानपत्राला खुलासा पाठवायचाय.

"कशाला?" सर दचकले. "इतकी प्रसिद्धी विभागाला कधी मिळाली नव्हती."

"लोक मुलांची ऑपरेशनं टाळतायत, सर."

"तो लोकांचा प्रश्न. आपण विज्ञान करतो. आणि आता पुढच्या प्रकल्पाचं बघा. मोठा करू. फक्त नरच घेऊ. माद्यांत तर काहीच निघालं नाही, मग त्यांच्यावर खर्च कशाला?"

उंदीरबाई म्हणाली, "सर, एकाच घरात आग लागली. भाऊ भाजला, बहिणीच्या केसालाही धक्का नाही. अख्खं गाव भावाभोवती जमलंय. बहीण कशी वाचली, हे कुणी विचारणार की नाही?"

"गाव? कुठलं गाव?" सर म्हणाले.

ती आवार ओलांडून, जिने चढून वर गेली. भूलतज्ज्ञ बाईंनी चहा मागवला, आधी आणखी थोडं बोलून घेतलं आणि मग खुर्ची पुढं ओढली. खुलासा दोघींनी मिळून लिहिला, दोघींच्या सहीनं पाठवला. तो छापून आला आठव्या पानावर, हरवलेल्या कुत्र्याच्या फोटोखाली, आणि कुत्र्यामुळंच थोड्याफार लोकांनी वाचला. नंतर दोघींनी मिळून एक छोटा प्रकल्प मांडला: माद्या का वाचतात, फक्त एवढंच. मंजूर होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, म्हणून कुणी आडवं आलं नाही, आणि तो मंजूर झाला.

सरांनी मोठ्या मनानं मोडक्या खुर्च्यांची खोली रिकामी करून दिली. छत गळकं होतं, दार अर्धंच उघडायचं, पण खिडकी मोठी होती. उंदीरबाईनं पिंजरे हलवले आणि कामाला लागली. पेटीतलं पिल्लू उचलताना तिचा हात आता थोडा रेंगाळायचा. तो तिनं तसाच रेंगाळू दिला.

एकदा बाहेरगावचे पाहुणे आले. सर त्यांना घेऊन दारात तिरके होऊन आत शिरले. "आणि हा आमचा माद्यांचा विभाग," ते म्हणाले. "माझी फार जुनी कल्पना."

एका पाहुण्यानं हातमोजे घातलेल्या उंदीरबाईकडं पाहून आदबीनं विचारलं, "तुम्ही सरांच्या मदतनीस का?"

"होते," ती म्हणाली. "मदत करायची बंद केली, म्हणून ही खोली मिळाली."

पाहुणे हसले. सरही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. ती हसली नाही. तिच्या तळहातावर पिल्लू होतं, आणि त्याचं वजन करायचं राहिलं होतं.